मुद्रा आणि नोंदवही : लंडनच्या सुवर्णकारांच्या नाममुद्रांचे वाचन

जुन्या सुवर्णालंकाराच्या आतील बाजूस उमटवलेली कारागिराची मुद्रा ही इतिहासाच्या साधनांपैकी आकाराने अत्यंत लहान, परंतु अर्थाच्या दृष्टीने अत्यंत गुंतागुंतीची अशी वस्तू होय. दोन-तीन अक्षरे, त्यांच्याभोवती एक चौकट आणि क्वचित एखादे चित्र एवढाच तिचा पसारा. ही अक्षरे वाचता आली की अलंकाराचा कर्ता सापडला, असा सर्वसाधारण समज आहे. हा समज कितपत ग्राह्य आहे, हे लंडनच्या उदाहरणावरून पाहणे उद्बोधक ठरेल.

इ. स. १३०० मध्ये पहिल्या एडवर्डच्या कायद्याने सोन्याचा कस पॅरिसच्या कसाहून हीन असू नये, असे ठरवून तपासलेल्या मालावर बिबळ्याच्या मुखाची मुद्रा उमटवण्याची प्रथा घातली. १३६३ मध्ये प्रत्येक उस्तादाने स्वतःची निराळी मुद्रा बाळगावी, असा निर्बंध आला. १४७८ पासून ही तपासणी सुवर्णकार-संघाच्या वास्तूत, म्हणजे ‘हॉल’मध्ये, होऊ लागली व वर्षदर्शक अक्षराची त्यात भर पडली. ‘हॉलमार्क’ हा शब्द या वास्तूवरूनच रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. या मुद्रेचा हेतू कारागिराची कीर्ती वाढवणे हा नव्हता. हीन कसाचा माल सापडल्यास दंड कोणाला करावयाचा, हे कळावे, हा होता. चित्रकार चित्राखाली सही करतो तशी ही सही नव्हे. ती जबाबदारीची खूण होय.

अक्षरांचे मूल्यही स्थिर नव्हते. १६९७ च्या कायद्याने चांदीचा कस वाढवला आणि कारागिराच्या मुद्रेत आडनावाची पहिली दोन अक्षरे असावीत, असे ठरवले. १७२० मध्ये जुना कस पुन्हा चालू झाला. १७३९ च्या कायद्याने सर्व जुने ठसे मोडून, नाव व आडनाव यांच्या आद्याक्षरांचे नवे ठसे निराळ्या वळणात नोंदवण्यास भाग पाडले. पॉल द लॅमेरी या विख्यात कारागिराचे उदाहरण बोलके आहे. १७१३ मध्ये त्याने ‘एल्‌-ए’ ही मुद्रा नोंदवली, १७३३ मध्ये ‘पी-एल्‌’, आणि १७३९ मध्ये तीच अक्षरे दुसऱ्या वळणात. मनुष्य एक, मुद्रा तीन. हा संकेत ज्याला ठाऊक नाही, तो येथे दोन भिन्न व्यक्ती कल्पील. फ्रान्समध्ये तर चौकटही अर्थवाहक आहे. १७९७ च्या कायद्यापासून कारागिराची मुद्रा शंकरपाळ्याच्या आकाराच्या चौकटीतच असावी लागते. अक्षरे झिजून गेली तरी चौकटीवरून मुद्रेचा प्रकार ओळखता येतो.

तथापि संकेत ज्ञात असूनही मुद्रा बोलेलच, असे नाही. मुद्रा आणि व्यक्ती यांचा संबंध नैसर्गिक नसून नोंदवहीने जोडलेला असतो. १६८१ च्या आगीत लंडनच्या तपासणी-कार्यालयातील पूर्वीच्या नोंदी नष्ट झाल्या. त्यानंतरच्या काळातील ठसे एका ताम्रपटावर उमटलेले आहेत, पण त्यांच्यापुढे नावे नाहीत. नावांसह नोंदवही मिळते ती १६९७ पासून. तीतही अठराव्या शतकाच्या मध्यातील काही खंड गहाळ आहेत. त्या काळातील मुद्रांसाठी १७७३ च्या संसदीय अहवालातील सुवर्णकारांच्या यादीसारख्या अन्य साधनांचा आधार घ्यावा लागतो. यादीत एकाच आद्याक्षरांची दोन-तीन नावे आढळली, तर निर्णय संभाव्यतेच्या कोटीतच राहतो. आर्थर ग्रिमवेड यांच्या १९७६ च्या ग्रंथाने १६९७ ते १८३७ या काळातील मुद्रा व त्यांचे धनी यांची सांगड घातली. पण जेथे नोंदच नाही, तेथे कोणताही कोश ती निर्माण करू शकत नाही.

मुद्रेच्या अभावाचा अर्थ लावणे याहूनही कठीण. १७३९ च्या कायद्याने रत्नजडित व अनेक बारीक दागिन्यांना तपासणीतून सूट दिली. म्हणून त्या काळातील मुद्राहीन अलंकार बनावट ठरत नाही, आणि अस्सलही ठरत नाही. या पोकळीचा लाभ कसा घेता येतो, हे जर्मनीतील आखेन येथील रायनहोल्ड फास्टर्स (१८२७–१९०९) याच्या उदाहरणावरून दिसते. चर्चसाठी घडवलेल्या भांड्यांवर त्याची मुद्रा आहे. परंतु प्रबोधनकालीन शैलीत त्याने घडवलेले कित्येक अलंकार मुद्रेवाचून सोळाव्या शतकातील म्हणून संग्रहालयांत मान्यता पावले. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयातील त्याची आरेखने चार्ल्स ट्रुमन यांनी १९७९ मध्ये प्रकाशात आणली, तेव्हा हा भ्रम फिटू लागला. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयातील, एकेकाळी चेल्लिनीचा मानला गेलेला सुवर्णचषकही या फेरविचारातून सुटला नाही.

मुद्रा असली तरी ती घडवणाऱ्या हाताचीच असते, असे नाही. १९७३ च्या ब्रिटिश कायद्याने या मुद्रेला कर्त्याची न म्हणता, माल तपासणीस सादर करणाऱ्याची मुद्रा म्हटले आहे. तीत मूळचा हेतूच स्पष्ट झाला.

मराठीत या विषयाचा शब्दसंभार कसोटीभोवती फिरतो. ‘कस’, ‘कसोटी’, ‘बावनकशी’ हे शब्द धातूविषयी बोलतात, घडवणाऱ्याविषयी नव्हे. भारतात २००० मध्ये सोन्याचे प्रमाणीकरण सुरू झाले व २०२१ पासून ते टप्प्याटप्प्याने सक्तीचे झाले. पूर्वीच्या पद्धतीत सराफाची ओळखखूण दागिन्यावरच असे. २०२१ पासूनच्या पद्धतीत मानक संस्थेचे चिन्ह, शुद्धता आणि सहा अक्षरांकांचा क्रमांक एवढेच उमटते. सराफाचे नाव त्या क्रमांकामागील नोंदीत जाते. उद्याच्या संशोधकाला दागिना मिळेल, क्रमांकही मिळेल. नोंद जतन झाली नाही, तर लंडनच्या त्या ताम्रपटावरील ठशांप्रमाणे हा क्रमांकही मुका राहील. म्हणून मुद्रांच्या अभ्यासकाने भिंगाइतकीच दप्तराची काळजी वाहिली पाहिजे.