पांढरं म्हणजे किती पांढरं?

बँकेत बावीस वर्षं काढलेल्या माणसाला दोनच गोष्टींचा धसका असतो. एक ऑडिटर आणि दुसरा पुण्याचा मेहुणा. त्यातल्या त्यात ऑडिटर बरा, तो वर्षातून एकदाच येतो.

गेल्या दिवाळीत आम्ही पंचावन्न इंची टीव्ही घेतला. किंमत अडतीस हजार, बारा हप्ते. भाऊबीजेला मेहुणे मंठ्याला आले, चहाचा कप हातात घेण्याआधी त्यांनी पडद्याकडं पाहिलं आणि म्हणाले, "दाजी, याचं कॅलिब्रेशन केलेलं दिसत नाही." डॉक्टर ज्या सुरात "लघवी तपासलेली दिसत नाही" म्हणतात, अगदी त्याच सुरात.

मग कळलं की असा एक व्यवसायच आहे. मुंबईहून माणूस येतो, टीव्हीचे रंग मोजतो, लावून देतो आणि जातो. मेहुण्यांनी तिथल्या तिथं फोन लावून भाव काढला. पंधरा हजार. शिवाय जालन्यापर्यंत रेल्वे आणि पुढं मंठ्यापर्यंत गाडीचा खर्च. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. मालमत्तेच्या सुमारे चाळीस टक्के रक्कम नुसत्या दुरुस्तीवर, तीही न बिघडलेल्या वस्तूच्या, असला प्रस्ताव आमच्या शाखेत कुणी मंजूर केला नसता.

पण घरातून पाठिंबा आला तो आण्णांचा. आण्णा म्हणजे आमचे वडील, जिल्हा परिषदेच्या शाळेतले निवृत्त गुरुजी. ते म्हणाले, "बोलाव त्याला. चित्र मळकट दिसायलंय." आम्हा कुणाला मळकट दिसत नव्हतं. आण्णांच्या हाती रिमोट आला की ते चित्र 'व्हिव्हिड'वर नेत, उजेड शंभरावर नेत, आणि बातम्या देणारी बाई लग्नाच्या हॅलोजनखाली उभी केल्यासारखी दिसू लागे. मी ते खाली आणायचो, ते वर न्यायचे. असा हा दावा चालू होता.

खरं म्हणजे चित्र लावून देण्याचा धंदा मंठ्याला नवा नाही. मी स्वतः तो नवव्या वर्षी, पत्र्यावर चढून, बिनपगारी केलेला आहे.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पण ते चित्र मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांत पोचायला बरीच वर्षं लागली. ऑगस्ट १९८३ मध्ये इन्सॅट-१बी अवकाशात गेला, १९८४ मध्ये देशभर छोटे प्रक्षेपक उभारण्याचा सपाटा लागला आणि आमच्याही घरावर अ‍ॅल्युमिनियमची काठी उभी राहिली. २५ जानेवारी १९८७ च्या रविवारी रामायण सुरू झालं, तेव्हा मी त्या काठीला धरून पत्र्यावर होतो.

"दिसायलंय का?"

"थोडं दिसायलंय!"

"आता?"

"गेलं की! होतं तिथं ने!"

होतं तिथं म्हणजे कुठं, हे कुणालाच माहीत नसे. आता मेहुण्यांकडून समजलं की या 'होतं तिथं'लाच शास्त्रात रेफरन्स म्हणतात, आणि तो दाखवण्याचेच पंधरा हजार पडतात.

दुसरी सुधारणा प्लॅस्टिकची होती. संच काळा-पांढरा, त्यापुढं एक रंगीत कागद लावायचा. वर निळा, मध्ये गुलाबी, खाली हिरवा. आभाळ असलं तर निळं आणि गवत असलं तर हिरवं, इतपत हिशोब बरोबर. पण प्रभू रामचंद्र उभे राहिले की मुकुट निळा, चेहरा गुलाबी आणि धोतर हिरवं होई. वनवासात जमिनीवर निजले की संबंध हिरवे. आम्हाला त्यात काही खटकत नसे. देवाचं काम, काहीही होऊ शकतं.

तिसरा इलाज मेकॅनिकचा. तो संचाच्या पाठीत बुक्की मारी. तिला मोजमाप नव्हतं, पण गुण हमखास येई.

पैसेवाल्यांकडं रंगीत संच होते. भारतात रंग आले १५ ऑगस्ट १९८२ ला, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरातल्या दिल्लीच्या आशियाई खेळांनी ते घरोघर मागायला लावले. आपलं एक नशीब चांगलं होतं. अमेरिकेने १९५३ मध्ये जी रंगपद्धत घेतली तीत वाटेत गडबड होऊन माणसाचा चेहरा मध्येच हिरवा किंवा जांभळा होई. म्हणून तिकडच्या संचांना रंगछटेचं वेगळं बटण असे. जर्मनीतल्या वॉल्टर ब्रुख नावाच्या इंजिनिअरने १९६३ मध्ये पाल पद्धत मांडली. चित्राच्या एका ओळीत झालेली चूक पुढच्या ओळीत उलटी करून फेडायची. डेबिटला क्रेडिट! आपण हीच पद्धत घेतली, त्यामुळे ते चौथं बटण आपल्याला सहसा लागलं नाही. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट, कलर, एवढी तीनच बटणं आणि फिरवायला घरातली सात माणसं.

कार्यक्रम सुरू होण्याआधी पडद्यावर उभ्या रंगीत पट्ट्या येत, एक शिट्टी वाजत राही. आम्ही पोरं तोही कार्यक्रम समजून मांडी घालून बघायचो. वास्तविक त्या पट्ट्या इंजिनिअर लोकांसाठी असतात. अमुक पिवळा म्हणजे एवढाच पिवळा, हे ठरलेलं. बँकेच्या भाषेत ती रंगांची नमुना सही.

नमुना सहीवरून आठवलं. त्याच सुमारास आण्णा पेन्शनचे पैसे काढायला माझ्याच काउंटरवर आले होते. सही रेघ सोडून वर चढलेली. मी चष्म्यावरून पाहत म्हणालो, "गुरुजी, सही जुळत नाही. ओळखीचं कुणी आहे का?" सगळी रांग हसली. आण्णाही हसले आणि दुसरी सही केली. तीही चढलीच.

असो. तर पांढऱ्याचीही अशी नमुना सही आहे. डी-६५ म्हणतात तिला. भर दुपारच्या दिवसाचा जो उजेड, सुमारे ६५०० केल्विन, तो पांढरा. सिनेमा तयार होतो तिथले पडदे यावर लावलेले असतात आणि एचडी चित्राचा १९९० चा आंतरराष्ट्रीय दंडकही हाच पांढरा धरतो. दुकानात मात्र पन्नास संच झगझगीत दिव्यांखाली शेजारीशेजारी उभे. तिथं गिऱ्हाईकाचा डोळा ओढायला पांढऱ्यात निळं मिसळतात, जसं आपण धोतराला नीळ देतो. तोच 'व्हिव्हिड'.

व्यावसायिक माणूस येऊन काय करतो? संच तापू देतो, मग काळ्यापासून पांढऱ्यापर्यंतच्या राखाडी पायऱ्या पडद्यावर आणतो, काचेसमोर मोजणीयंत्र धरतो आणि प्रत्येक पायरीत लाल, हिरवं, निळं किती जास्त, किती कमी ते जुळवत जातो. नंतर एकेक रंग. अमेरिकेत जो केन आणि जोएल सिल्व्हर यांनी १९९४ मध्ये या कामाचं शिक्षण देणारी संस्थाच काढली. म्हणजे पासबुक आणि लेजर जुळवण्याचं काम. लेजर दिग्दर्शकाकडं, पासबुक आपल्या भिंतीवर. काम इमानदारीचं आहे. ज्याच्याकडं अंधारी खोली, भारी प्रोजेक्टर आणि डोळे लावून सिनेमा पाहायची सवड आहे, त्याने जरूर पैसे द्यावेत. चित्रांवरच ज्याचं पोट आहे, त्याने तर द्यावेतच.

पण आम्ही बघतो काय? बातम्या, खाली धावणाऱ्या तीन पट्ट्यांसकट, आणि रंग उडालेले जुने सिनेमे. लेजरच फाटलेलं, तिथं पासबुक कुठं जुळवता? शिवाय संचातच 'सिनेमा' नावाची सोय असते, आणि २०१९ मध्ये जाहीर झालेला 'फिल्ममेकर मोड' आता बऱ्याच संचांत मिळतो. ते एक बटण दाबलं की जुळणीचं बरंचसं काम फुकटात होतं. पंधरा हजार उरलेल्या बारीकसारीक फरकाचे. मी बटण दाबलं आणि ठराव निकाली काढला.

आण्णा भडकले. "हळद लावलीस का रे पडद्याला? काहीच दिसंना गेलंय!"

"सवय होईल, आण्णा. हाच खरा पांढरा."

"आता पांढरं कोणतं ते तू मला शिकव."

ते उठून ओट्यावर जाऊन बसले. पेपर घडी न मोडता मांडीवर. हल्ली अक्षरं बारीक छापतात, म्हणून त्यांनी तो वाचणं सोडलं होतं. मला त्या क्षणी चढलेली सही आठवली, शंभरावर नेलेला उजेड आठवला, आणि पोटात खड्डा पडला. दोन महिने मी पडद्याचा पांढरा शोधत होतो. बघणाऱ्याच्या डोळ्यांकडं घरातल्या एकानेही पाहिलं नव्हतं.

जालन्याला गणपती नेत्रालयात नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, चांगले पिकलेले. डॉक्टरांनी समजावलं, की डोळ्यातलं भिंग वयाबरोबर पिवळं, गढूळ होत जातं, पण इतकं हळूहळू की माणसाला आपलं काही बिघडलंय असं वाटत नाही. जगच मळकट वाटतं.

आधी उजवा डोळा झाला. पट्टी निघाल्यावर आण्णा खाटेवर बसून एकदा एक डोळा झाकत, एकदा दुसरा, आणि दवाखान्याच्या भिंतीकडं बघत. "या डोळ्यानं पांढरी. या डोळ्यानं चहा सांडल्यावाणी." असं त्यांनी वीसेक वेळा केलं. मग म्हणाले, "म्हणजे सही माझीच चुकत होती." मी खिडकीबाहेर एसटी बघत बसलो.

पुढं दुसराही डोळा झाला. घरी आल्यावर त्यांची मर्जी राखायला मी मुद्दाम चित्र 'व्हिव्हिड'वर ठेवलं. आण्णांनी क्षणभर पाहिलं, आणि म्हणाले, "ही नीळ कुणी घातली? ते तुझं हळदीचं लाव."

मेहुण्यांना फोन करून सांगितलं की कॅलिब्रेशन झालं. त्यांनी विचारलं, "कुणाकडून केलं?"

म्हटलं, "जालन्याला नेऊन केलं."

"एवढा मोठा टीव्ही जालन्याला नेला?"

हल्ली रात्री सगळे झोपले की मीही कॅलेंडरसमोर उभा राहून एकदा हा डोळा झाकतो, एकदा तो. दोन्हीकडं अजून पांढरंच दिसायलंय.