रविवारची सुट्टी आपोआप आली नाही

"पिळवणूक काय, ती असणारच. त्याशिवाय धंदा चालतो का?" परवा चहाच्या टपरीवर एकाने ठणकावून सांगितलं. वार रविवार, साहेब निवांत. म्हणून हे लिहितोय.

१८८४ ची मुंबई. गिरणीचं काम सूर्य उगवला की सुरू, मावळला की बंद. उन्हाळ्यात दिवस मोठा, मग कामही मोठं. आठवड्याची सुट्टी नाहीच. जोतीराव फुल्यांचे सत्यशोधक सहकारी आणि 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांच्या सभा घेतल्या. मागण्या वाचून आज गलबलून येतं: आठवड्याला एक दिवस सुट्टी, दुपारी अर्धा तास विसावा, पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत, कामावर जखमी झाला तर बरा होईपर्यंत पगार. बस्स! निवेदनावर साडेपाच हजार सह्या झाल्या.

मालक म्हणाले, परवडणार नाही, हा लँकेशायरचा डाव आहे. तेही अगदी खोटं नव्हतं. तिकडच्या गिरणीवाल्यांना मुंबईचं स्वस्त कापड खुपत होतं, म्हणून इथे कायदा कडक व्हावा असा त्यांचा आग्रह. मग आपली देशभक्त वर्तमानपत्रंही कायद्याच्या विरोधात! कामगार मात्र साच्यापुढे उभाच.

२४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर सुमारे दहा हजार कामगार जमले. दोन कामगार बायकाही सभेत बोलल्या. १० जूनला मालकांच्या संघटनेने रविवार मान्य केला. गिरण्या काही त्याने बुडाल्या नाहीत.

पण गोष्ट इथे गोड होत नाही. १८९१ च्या कायद्याने बायकांना ११ तासांची मर्यादा घातली, पुरुषांना काहीच नाही. पुढे गिरण्यांत विजेचे दिवे आले आणि सूर्य मावळला तरी काम थांबेना, चौदा-चौदा तास. पुरुषांसाठी १२ तासांची मर्यादा यायला १९११ उजाडलं. म्हणजे मिळालेलं परतही जातं.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपल्या मंत्रिमंडळाने कारखान्यांतली रोजची मर्यादा ९ वरून १२ तासांवर न्यायला मंजुरी दिली. आठवड्याचे ४८ तास कायम, जादा कामाला कामगाराची लेखी संमती हवी, असं म्हणतात. संमती १८९० च्या आधीही होतीच की. नको म्हटलं तर दारात दुसरा उभा असायचा.

तुमच्याकडे आठवड्याचे तास खरे किती भरतात? सांगा. कंपनीचं नाव नको.