कोयता घ्यायचा तर लोखंड बघून घ्या; धार, मूठ आणि गंजाबाबत ही काळजी हवीच

खानापूर, जांबोटी, कणकुंबी आणि चंदगड भागात मे महिना आला की बांध साफ करायचे, घाणेरी आणि रानमोडी तोडायची, काजूच्या बागेतलं रान काढायचं अशी कामं निघतात. पुढं दिवाळीनंतर ऊसतोड असतेच. या सगळ्याला लागणारं अवजार म्हणजे कोयता. कुणी त्याला कोयती म्हणतं, कन्नड शेजारी कत्ती किंवा मच्चू म्हणतात. आठवडी बाजारात तो स्वस्तात मिळतो. पण स्वस्त म्हणून उचललेला कोयता दोन पावसाळ्यांत कुचकामी झाला, मूठ निसटून हाताला लागलं, अशा तक्रारी गावोगाव ऐकू येतात. कोयता स्वस्त असायला हरकत नाही, फक्त तो पारखून घ्यायला हवा.

लोखंड कसं ओळखायचं?

बाजारात दोन प्रकारचे कोयते दिसतात. एक साध्या पट्टीच्या मऊ लोखंडाचा. तो चकचकीत दिसतो, पण त्यात कार्बन कमी असल्यानं त्याला पाणी देऊनही तो कडक होत नाही. बांबूवर चार घाव घातले की धार वळते. दुसरा गाडीच्या कमानपाट्याचा. ट्रकच्या पाट्याचं पोलाद पाणी धरतं आणि चिवटही असतं, म्हणून जुने लोहार त्यालाच पसंती देतात. असा कोयता दिसायला काळपट आणि ओबडधोबड असतो, पण टिकतो.

घेताना तीन गोष्टी करून बघाव्यात.

• मूठ दोन बोटांत सैल धरून पात्यावर दगडानं हलकं टिचकावं. खणखणीत आवाज आला तर ठीक. भद्द आवाज आला तर पात्याला चीर असेल, नाहीतर मूठ ढिली असेल.

• धारेच्या कडेवर कानस हलकी फिरवून बघावी. कानस लोण्यासारखी आत गेली तर लोखंड मऊ आहे. काचेवरून घसरल्यासारखी घसरली तर पाणी जास्त झालंय, घाव बसला की धारेचे तुकडे उडतील. कानस जोर लावल्यावर थोडी थोडी धरते, तो कोयता घ्यावा.

• पाठीकडून डोळ्याच्या रेषेत धरून पातं सरळ आहे का बघावं.

ओळखीचा लोहार असेल तर भंगारातून पाट्याचा तुकडा आणून समोर बनवून घेणं सगळ्यात चांगलं. पाणी देताना सगळं पातं न बुडवता धारेची बाजूच कडक करून घ्यावी. पाठ चिवट राहिली तर कोयता मोडत नाही. रस्त्याकडेला पाल टाकून बसणारे घिसाडीही हे काम करून देतात.

काम कोणतं, त्याप्रमाणे कोयता

झुडपं आणि वेली तोडायला हलकं, पातळ पातं लागतं. बांबू, लाकडाच्या फांद्या आणि नारळासाठी पाठ जाड आणि टोकाकडे वजन असलेला बाकदार कोयता बरा पडतो. पातं लांब असलं म्हणजे काम जास्त होतं असं नाही. तासाभरानं मनगट भरून येतं आणि थकलेल्या हातानंच चूक होते. दुकानातच दहा-बारा वेळा हवेत फिरवून बघावं, अर्थात आजूबाजूला कुणी नाही याची खात्री करून.

मूठ

धारेपेक्षा जास्त दुर्लक्ष मुठीकडे होतं. पात्याचं शेपूट मुठीत खोलवर गेलेलं असावं आणि तोंडाशी लोखंडी कडं घट्ट हवं. बाभळीची मूठ चिवट असते. प्लॅस्टिकची मूठ घामानं आणि पावसानं निसटते. मूठ हलायला लागली की दोरी गुंडाळून काम भागवू नये. ती काढून राळ भरून किंवा पाचर मारून पक्की करावी, नाहीतर नवी बसवावी.

धार घरी कशी लावायची?

बोथट कोयता सुरक्षित असतो हा गैरसमज आहे. बोथट कोयत्याला जास्त जोर लावावा लागतो, घाव लाकडात न रुतता घसरतो आणि थेट पायावर किंवा नडगीवर येतो.

१. कोयता लाकडी ओंडक्यावर किंवा शिकंजात घट्ट धरावा, धार स्वतःपासून लांब.

२. कानशीचा कोन साधारण २० ते २५ अंश ठेवावा. कोन मोजायला कागदाचा काटकोन दोनदा दुमडावा, साडेबावीस अंश मिळतात. यापेक्षा पातळ धार लाकडावर टिकत नाही.

३. कानस पुढे ढकलतानाच दाबावी, मागे आणताना उचलावी. मागेपुढे घासली की कानशीचे दातच जातात.

४. एका बाजूनं घासलं की दुसऱ्या बाजूला बारीक कड उलटलेली नखाला लागते. ती लागली की बाजू बदलावी. मूळ उतार एकाच बाजूला असेल तर तोच ठेवावा.

५. शेवटी ओल्या निसण्यावर दोन्ही बाजू हलक्या फिरवून ती कड काढावी.

पॉवर ग्राइंडरवर धार झटपट लागते, पण तिथंच बरेच कोयते बिघडतात. पातं तापून निळसर झालं की तिथलं पाणी उतरलं असं समजावं. ती जागा पुन्हा धार धरत नाही. ग्राइंडर वापरायचाच तर पातं हाताला सोसेल इतकंच तापू द्यावं आणि सारखं पाण्यात बुडवावं.

गंज आणि साठवण

घाटमाथ्यावरच्या पावसात रात्रभर अंगणात राहिलेला कोयता सकाळी तांबूस होतो. काम झालं की चीक आणि माती पुसावी, कोरडा करावा आणि तेलाचा हात फिरवावा. नारळ किंवा भाजीला वापरायचा असेल तर खोबरेल, नाहीतर मशीनचं तेल चालतं. फणसाचा चीक आधी तेलानं सुटतो, मग धुवावा. लाकडी मुठीला वर्षातून एकदा जवसाचं तेल द्यावं. ओल्या पोत्यात गुंडाळून ठेवू नये. मुलांचा हात पोचणार नाही असा उंचावर टांगावा.

कायदा काय सांगतो?

९ इंचांपेक्षा लांब किंवा २ इंचांपेक्षा रुंद पात्याची हत्यारं शस्त्र नियमांच्या यादीत येतात. घरगुती आणि शेतीच्या कामासाठी बनवलेली अवजारं त्यातून वगळली आहेत. तरी कोयत्यानं दहशत माजवण्याचे प्रकार वाढल्यापासून पोलिसांची नजर कडक आहे. शहरातून नेताना कोयता कापडात बांधून न्यावा, खरेदीची पावती जवळ असावी. जमावबंदीच्या काळात तर जास्तच जपावं.

ट्रेकिंगला जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. खानापूर तालुक्यातलं भीमगड हे २०११ पासून वन्यजीव अभयारण्य आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार लेखी परवानगीशिवाय अभयारण्यात हत्यार नेता येत नाही आणि या कायद्याच्या व्याख्येत सुराही हत्यारच आहे. गोव्याच्या बाजूच्या म्हादई अभयारण्यालाही हाच नियम.

लागलंच तर

स्वच्छ कापड जखमेवर घट्ट दाबून धरावं, हात किंवा पाय वर उचलावा आणि दवाखाना गाठावा. हळद, तंबाखू, चहापूड भरू नये. धनुर्वाताचं इंजेक्शन डॉक्टरांना विचारून घ्यावं. काम करताना पायात बूट आणि दुसरा माणूस हात लांब करून फिरवलेल्या कोयत्याच्या टप्प्याबाहेर, एवढं पाळलं तरी बरेच अपघात टळतात.

हिशोबच करायचा तर सोपा आहे. समजा मऊ लोखंडाचा कोयता ३०० रुपयांना मिळाला आणि दर दोन वर्षांनी बदलला, तर दहा वर्षांत १५०० रुपये जातात. पाट्याचा ६०० रुपयांना पडला, वर एक कानस आणि थोडं तेल धरलं, तरी दहा वर्षांनंतर तो कामात असतो आणि पैसेही वाचलेले असतात.