ऐंशी हजार नियम आणि एक पगारचिठ्ठी



पगाराचा नियम ही मोठी रुक्ष वस्तू वाटते. पण कोणताही करार उघडून पाहा. रात्रपाळीच्या भत्त्यामागे एखादा संप असतो, सुटीच्या दिवशीच्या जादा मजुरीमागे वर्षानुवर्षांच्या बैठका असतात. कॅनडाच्या केंद्र सरकारी नोकरांचे असे शंभरावर करार होते, आणि त्यांतून पगाराचे ऐंशी हजारांहून अधिक नियम निघाले होते. ते सारे संगणकाच्या एकाच आज्ञावलीत बसवण्याचा घाट घातला गेला. त्या आज्ञावलीचे नाव फिनिक्स. तिचीच हकीकत आज सांगावयाची आहे.

जुनी, चाळीसेक वर्षे वापरातली पगारव्यवस्था बदलण्याचे 2009 मध्ये ठरले. 2011 मध्ये आयबीएम कंपनीला काम मिळाले. पीपलसॉफ्ट हे तयार सॉफ्टवेअर घ्यावयाचे आणि त्यात कॅनडाचे नियम घालावयाचे, असा बेत होता. 2012 मध्ये कंपनीने खर्चाचा अंदाज दिला : 27 कोटी 40 लाख डॉलर. मंजुरी होती 15 कोटी 50 लाखांची. येथेच थांबावयास हवे होते. अधिकाऱ्यांनी पैसा वाढवला नाही, कामच कापले. मागील तारखेपासूनचा पगार हिशोबात धरण्याची सोयदेखील त्या कापणीत गेली. एका खात्यात आधी चालवून पाहण्याचे ठरले होते, तेही 2015 मध्ये रद्द झाले. वर्षाला 7 कोटी डॉलर वाचवण्यासाठी पगार-कारकुनांच्या सुमारे 1,200 जागा मोडल्या आणि न्यू ब्रन्सविक प्रांतातील मिरामिशी गावी 550 नव्या भरल्या. जुन्या जाणकारांपैकी फार थोडे तिकडे गेले. नियम करारात होते हे खरे, पण ते लावावयाचे कसे हे या माणसांच्या डोक्यात होते.

24 फेब्रुवारी 2016 रोजी फिनिक्स सुरू झाले आणि तक्रारींचा पूर लोटला.

दोष शोधावयाचा तर एकच पगारचिठ्ठी हाती घ्यावी. समजा, एका कारकुनाने तीन आठवडे वरिष्ठाच्या जागेचे काम पाहिले. त्या दिवसांचा पगार वरच्या दराने मिळावा असा नियम. जुनी रीत अशी की, काम झाल्यावर कागद जाई आणि पगार-कारकून तो वाचून फरक काढून देई. फिनिक्सला नोंद आधी हवी होती. उशिरा आलेली नोंद यंत्राला आपोआप निस्तरता येईना; ती माणसाच्या हाती जाई, आणि माणसे तर कमी केलेली! नोंद रांगेत पडे, पुढचा पगार चुकीच्या पायावर निघे, एका चुकीला दुसरी जडे. खाती नोंदी उशिरा करीत, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु वर्षानुवर्षांचा हा परिपाठ ठाऊक असताना नियमाचा तोच भाग गाळला, त्याचा जाब नोंद करणाऱ्याला का विचारावा?

30 जून 2017 पर्यंत निस्तरावयाच्या चुकांची रक्कम 52 कोटी डॉलरवर गेली. सुमारे 22 कोटी 80 लाख नोकरांचे येणे, आणि सुमारे 29 कोटी 50 लाख त्यांना जादा दिलेले. जादा मिळाले म्हणून कोणी हेवा करू नये. आदल्या वर्षी जादा पडलेली रक्कम परत करताना, कापून गेलेला आणि हाती कधी न आलेला करही स्वतःच्या खिशातून भरावा लागे. मग तो करखात्याकडे मागत बसावे. 2019 मध्ये कायदा बदलला तेव्हा हा जाच सुटला.

2018 मध्ये महालेखापाल मायकेल फर्ग्युसन यांनी या प्रकरणाला अनाकलनीय अपयश म्हटले. मला ते अनाकलनीय वाटत नाही. पगार-कारकून म्हणजे नुसता खर्च, असे एकदा धरले की पुढचे सारे क्रमानेच घडते.

संघटनांनी मोर्चे काढले, दावे लावले. केंद्र सरकारी नोकरांच्या सर्वांत मोठ्या संघटनेने 2020 मध्ये सभासदांसाठी प्रत्येकी 2,500 डॉलरपर्यंत भरपाई मिळवली. नोकरीत असलेल्यांना ती मार्च 2021 मध्ये पगाराबरोबर मिळाली. म्हणजे फिनिक्सच्याच हातून.