गुंग महालातली मुलं

१५७८च्या सुमारास अकबर बादशहाच्या हुकमावरून वीसेक तान्ही मुलं त्यांच्या आयांना पैसे देऊन घेण्यात आली आणि वस्तीपासून दूर एका घरात ठेवली गेली. त्यांच्या कानावर माणसाचा एक शब्दही पडता कामा नये, अशी सक्त ताकीद होती. हे बदायुनीने लिहून ठेवलं आहे. तो दरबारातलाच, पण बादशहावर मनातून नाराज. लोक त्या घराला गुंग महाल, म्हणजे मुक्यांचा महाल, म्हणू लागले.

वाचा-उपचार हा माझा व्यवसाय. दोन-अडीच वर्षांची, अजून न बोलणारी मुलं रोज माझ्यासमोर असतात, त्यामुळे ही हकिगत मला नुसता इतिहास म्हणून वाचता येत नाही. मी त्या पैशांपाशीच अडकते. कुठल्या नडीला त्या आयांनी अंगावरची पोरं दिली असतील!

बादशहाला जाणून घ्यायचं होतं ते धर्माबद्दल. कुणी काही शिकवलंच नाही, तर मूल आपणहून कोणत्या धर्माकडे वळेल, त्याच्या तोंडून काय निघेल? कल्पना जुनीच होती. इजिप्तच्या सामेटिकस राजाने दोन बाळं एका मेंढपाळाकडे ठेवून असाच शोध घेतला, असं हिरोडोटस सांगतो. ती बाळं म्हणे ‘बेकोस’ म्हणाली आणि फ्रिजियन भाषा सर्वांत जुनी ठरली. आसपास शेळ्या होत्या, त्यांचं ओरडणं बाळांनी उचललं असेल, ही शंका पुष्कळांनी घेतली आहे. मलाही तेच पटतं.

अकबराचा दरबारी इतिहासकार अबुल फजल याची ‘अकबरनामा’तली हकिगत थोडी वेगळी आहे. बोलणं ऐकूनच येतं की नाही, यावर वाद झाला म्हणून हा खटाटोप, असं तो म्हणतो. मुलांना सांभाळणाऱ्या बदायुनीच्या दाया शिस्तीने गप्प राहणाऱ्या. अबुल फजलच्या दाया मुक्याच. १५८२मध्ये बादशहा मोजक्या माणसांसह तिथे गेला. चार वर्षं होत आली होती, तरी मुक्यांच्या आवाजांपलीकडे काही ऐकू आलं नाही. काही मुलं दगावली होती, हे बदायुनी सांगतो.

या दायांचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. त्या खरोखरच मुक्या असतील, तर आपसात हातवारे करत असणार, आणि मुलांनी ते उचलले असणार. १९७७नंतर निकाराग्वात मनाग्वाच्या शाळेत एकत्र आलेल्या बहिऱ्या मुलांनी एकमेकांशी बोलता बोलता स्वतःची खुणांची भाषा घडवली. ती आज पूर्ण भाषा म्हणून मान्य आहे. गुंग महालाच्या दारात मात्र सगळ्यांनी कान लावले. मुलांच्या हातांकडे कुणी पाहिलं, असं कुठल्याही हकिगतीत नाही. माझ्याकडे मूल आलं की मी आधी तेच पाहते. हवं ते बोटाने दाखवतं का? दाखवताना आईच्या तोंडाकडे बघतं का? शब्द त्यानंतरचे.

अकबर हा प्रयोग विसरला नव्हता. १५९८च्या पत्रात जेझुइट पाद्री जेरोम झेवियर लिहितो की, वीसेक वर्षांपूर्वीची ही गोष्ट खुद्द बादशहाने त्याला सांगितली. त्यात मुलांचा आकडा तीस झाला आहे. ती कोणतीही भाषा बोलली नाहीत, म्हणून बादशहाने कोणताच धर्म पक्का केला नाही, असा त्याचा मथितार्थ. इतक्या वर्षांनंतरही बोलणं धर्माचंच. हे वाचताना मला राग येतो, चारशे वर्षं उलटली तरी येतो.

कारण चार वर्षांचं मूल हातचं गेलेलं नसतं. पहिली तीन-चार वर्षं भाषेसाठी फार मोलाची, हे खरं. पण त्यानंतरही पुष्कळ करता येतं. आज असं मूल आलं तर मी आधी कान तपासायला पाठवते. मग जमिनीवर बसून ते जो आवाज काढेल तोच त्याला परत देते आणि त्याच्या पुढच्या आवाजाची वाट पाहते. गुंग महालात माझं पहिलं काम मात्र दायांकडे असतं. ज्यांना बोलता येतं त्यांनी अंघोळ घालताना, भरवताना, झोपवताना बोलायचं. ज्यांना येत नाही त्यांनी हातांनी सांगायचं, मुलांना दिसेल असं. आणि त्याच दिवशी आयांकडे माणूस धाडला असता.