समासातली भाषा

बऱ्याच दिवसांत इथे काही लिहिणे झाले नाही. कारण गेला महिनाभर मी एका भलत्याच अभ्यासात गुंतले होते. माझा भाचा कंपायलर नावाच्या गोष्टीवर काम करतो. मागे घरी आला तेव्हा म्हणाला, "मावशी, तू लहानपणी समासविग्रह घोकून घेतलास ना, तोच आता नोकरीत करतोय." मला ही थट्टा वाटली. मग फोनवरून त्याला प्रश्न विचारून विचारून मी भंडावून सोडले. त्यातून जे समजले ते इथे मांडते आहे. जाणकारांनी चुका जरूर दाखवाव्यात.

कंपायलर म्हणजे दुभाषा. माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम तो यंत्राच्या भाषेत नेऊन देतो. आता समजा, माणसांच्या दहा भाषा आणि सहा जातींची यंत्रे आहेत. प्रत्येक जोडीला वेगळा दुभाषा ठेवायचा तर साठ लागतील. पण सगळ्यांनी आधी एका मधल्या भाषेत यायचे ठरवले, तर इकडचे दहा आणि तिकडचे सहा, असे सोळांत भागते. १९५८ साली अमेरिकेत अशी एक सर्वांसाठीची मधली भाषा करावी असा प्रस्ताव आला होता. तिचे नाव अंकॉल. ती काही प्रत्यक्षात आली नाही, पण कल्पना टिकली. आज बहुतेक कंपायलरच्या पोटात अशी एखादी मधली भाषा असतेच.

ही मधली भाषा सहसा कुणाला दाखवायची नसते. पाहुण्यांना पंगत दाखवतात, मुदपाकखाना नाही, तसेच. पण एका घराण्यात नेमके उलटे घडले. मला जी गोष्ट सांगायची आहे ती हीच.

त्याच १९५८ साली एमआयटीत जॉन मॅकार्थी यांनी लिस्प नावाची भाषा योजायला घेतली. फंक्शनल म्हणवणाऱ्या भाषांची ही थोरली आजी. आपण गणितात फंक्शन शिकलो, म्हणजे आत संख्या घाला, बाहेर उत्तर येईल. सगळे काम अशा फंक्शन्सची गुंफण करून साधायचे, हा या भाषांचा स्वभाव.

मॅकार्थींनी लिस्पसाठी दोन लेखनपद्धती योजल्या. एक माणसांसाठी, नीटनेटकी. तिच्यात दोन आणि तीनची बेरीज साधारण 'बेरीज[२; ३]' अशी लिहायची. दुसरी यंत्राच्या आतली. तिच्यात तेच '(बेरीज २ ३)' असे, कंसात घातलेली एक साधी यादी म्हणून लिहायचे. लिस्प मुळात याद्या हाताळण्यासाठीच होती. प्रोग्रॅमसुद्धा यादीच्या रूपात मांडता येतो हे दाखवायला ही दुसरी पद्धत उपयोगी पडत होती. पक्के लेखन पहिलीत, कच्चे काम दुसरीत.

१९६० साली त्यांचा प्रसिद्ध निबंध छापून आला. त्यात 'इव्हॅल' नावाचे एक फंक्शन होते. यादीच्या रूपातला कोणताही लिस्प प्रोग्रॅम त्याला द्यावा, ते त्याचे उत्तर काढून देणार. हे केवळ कागदावर सिद्ध करण्यासाठी लिहिलेले होते. पण त्यांचे सहकारी स्टीव्ह रसेल म्हणाले, मी हे यंत्रावर चढवतो. हे वाचण्यासाठी आहे, चालवण्यासाठी नाही, असे मॅकार्थींनी त्यांना समजावले. रसेलनी ऐकले नाही. त्यांनी ते हाताने आयबीएम ७०४ या यंत्राच्या भाषेत उतरवले आणि ते चालले!

मग झाले असे, की यंत्राला ती कंसांची पद्धत थेट कळू लागली आणि लोक त्याच पद्धतीत लिहू लागले. नीटनेटकी पद्धत पुढे पूर्ण करू, पुढे करू, असे म्हणता म्हणता राहूनच गेली. नव्या पिढीला कच्च्या कामाचीच भाषा आवडू लागली होती.

आता तुम्ही म्हणाल, मावशी, यात एवढे काय? तर आता मॅक्रोकडे येते.

प्रोग्रॅम हीच जर एक यादी असेल, तर प्रोग्रॅमला दुसरा प्रोग्रॅम हातात घेऊन त्याची मोडतोड करता येते. टिमोथी हार्ट यांनी ऑक्टोबर १९६३ मध्ये एमआयटीत एक टिपण लिहून लिस्पमध्ये मॅक्रो आणावेत असे सुचवले. मॅक्रो ही कल्पना यंत्राजवळच्या भाषांत आधीपासून होती, पण इथे तिला वेगळेच बळ मिळाले. मॅक्रो म्हणजे आपण ठरवलेला संक्षेप. कंपायलर पुढच्या कामाला लागण्याआधी त्याचा विस्तार होतो. 'राजवाडा' लिहायचे आणि वाचणाऱ्याने 'राजाचा वाडा' असे फोडून घ्यायचे. भाच्याचा समासविग्रह तो हाच.

हे काम साध्या फंक्शनने का होत नाही? मी हेच विचारले. समजा 'पाऊस नसेल तर सहल काढा' असे फंक्शन केले. लिस्पचे फंक्शन आधी आत दिलेल्या सगळ्या गोष्टी पार पाडून घेते. म्हणजे पाऊस आहे का हे बघेपर्यंत सहल निघून गेलेली! मॅक्रो मात्र सहलीला हात लावत नाही. वाक्याची नुसती फेरमांडणी करून देतो. (हॅस्केल या १९९० च्या भाषेत लागेल तेव्हाच आतली गोष्ट पाहतात, म्हणून तिथे ही सहल साध्या फंक्शननेही सुखरूप राहते.)

१९७५ साली सस्मन आणि स्टील यांनी लिस्पच्या घरातली स्कीम ही आटोपशीर भाषा काढली. १९७८ साली स्टील यांनी तिचा 'रॅबिट' हा कंपायलर लिहिला. मूळ रचना मोजक्याच ठेवायच्या, बाकी सारे मॅक्रोंनी फोडून त्या मोजक्या रचनांवर आणायचे, आणि मग 'हे झाल्यावर पुढे काय करायचे' हे प्रत्येक पायरीवर स्पष्ट लिहिलेल्या मधल्या रूपात ते उतरवायचे. हॅस्केलचा ग्लासगोचा कंपायलरही भाषेचा सगळा पसारा आधी 'कोअर' नावाच्या छोट्या भाषेत आणतो. अवघड ग्रंथ साध्या अन्वयात आणण्यासारखे हे आहे.

पण विग्रह चुकला की अर्थाचा अनर्थ होतो. 'किंवा' या मॅक्रोचा विस्तार असा समजा: पहिल्याची किंमत 'त' नावाच्या डबीत ठेव, ती खरी असेल तर तेच उत्तर, नाहीतर दुसऱ्याची किंमत दे. आता लिहिणाऱ्याच्या स्वतःच्याच एका डबीचे नाव 'त' असेल आणि तीत ५ असतील तर? त्याने '(किंवा खोटे त)' लिहिले. उत्तर ५ यायला हवे. पण विस्तारातल्या 'त'ने त्याचा 'त' झाकला, आणि उत्तर 'खोटे' आले. मला एकदम वर्गातले वाक्य आठवले: रामने श्यामला सांगितले की तो नापास झाला. कोण नापास झाला?

हा दोष बराच काळ लोकांनी सांभाळून घेतला. विचित्र, कुणी वापरणार नाही अशी नावे ठेवायची. १९८६ साली कोलबेकर, फ्रीडमन, फेलायसन आणि डुबा यांनी यावर नेमका उपाय मांडला: विस्तारात आलेले नाव आणि लिहिणाऱ्याचे नाव यांना वेगवेगळी खूण ठेवायची, म्हणजे ती कधीच एकमेकांत मिसळत नाहीत. अशा मॅक्रोंना 'स्वच्छ' मॅक्रो म्हणतात. दुसऱ्याच्या शब्दाचा अर्थ आपल्याकडून बदलता कामा नये, ही साधी सभ्यता. ती यंत्राला शिकवायला हार्ट यांच्या टिपणानंतर तेवीस वर्षे लागली.

हे सगळे वाचताना मला एक मुलगा सारखा आठवत होता. आठवीत होता. निबंधाआधी तो वहीच्या समासात मुद्दे लिहायचा. दोन-दोन शब्दांचे, एकातून दुसरा निघणारे, कंसात कंस. निबंध मात्र कंटाळवाणा, नेहमीच्या साच्यातला. समास कोरा हवा, हा माझा नियम. दर वेळी मी लाल शाईने ते मुद्दे खोडले आणि अस्वच्छतेसाठी एक गुण कापला. पुढे त्याने समासात लिहिणे सोडले. निबंध तसाच राहिला.

त्याचा खरा निबंध समासात होता, हे मला तेव्हा दिसले नाही. रसेलना मात्र दुसऱ्याच्या कच्च्या कामात चालणारी गोष्ट दिसली, आणि मॅकार्थींनीही नंतर नीटनेटक्या पद्धतीचा हट्ट धरला नाही. मी एका गुणाचा हट्ट धरला.

असो. तुमच्यापैकी जे अजून शिकवत आहेत त्यांना एवढेच सांगणे, की वही तपासताना आधी समास वाचा. आणि लाल पेन थोडा वेळ बाजूला ठेवा.