प्रश्न वाचकांचे, दंड कर्व्यांना

गणिताचे सर म्हटले की आपल्या बॅचला फळा आणि छडी आठवते. इथे लिहितो आहे ते मात्र आपल्या शाळेत कधी न शिकवलेल्या एका गणिताच्या प्राध्यापकाबद्दल.

रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे थोरले चिरंजीव. १८९९ साली मॅट्रिकला पहिले आले. १९२१ मध्ये त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. विल्सन कॉलेजच्या चालकांना ते रुचेना. प्रचार सोडा नाहीतर नोकरी, असा पेच आला तेव्हा कर्व्यांनी नोकरी सोडली. घरी श्रीमंती नव्हतीच. पत्नी मालतीबाई पाठीशी होत्या.

जुलै १९२७ पासून ते ‘समाजस्वास्थ्य’ मासिक काढू लागले. ज्या शंका घरात बोलायची चोरी, त्या वाचक पत्राने विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरे छापत. अश्लीलतेपायी १९३१ मध्ये एकदा दंड झालाच होता. १९३४ चा खटला तर या उत्तरांवरूनच झाला. वकीलपत्र घेतले डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी. लैंगिक विषयावर लिहिले म्हणून ते अश्लील का ठरावे, हा त्यांचा मुद्दा कोर्टाने मानला नाही. दोनशे रुपये दंड झाला.

मला चीड येते ती इथे. लोकांना शंका होत्या म्हणूनच तर पत्रे येत होती! पण चारचौघांत नाके मुरडली जात ती उत्तर देणाऱ्याकडे पाहून.

मासिक चालूच राहिले. ऑक्टोबर १९५३ मध्ये कर्वे गेले. ‘समाजस्वास्थ्य’चा शेवटचा अंक नोव्हेंबरचा.